जिंकलेला सोमवार

सोमवारी मी जेवत नाही. पाणी पितो, दुपारी घोटभर चहा घेतो, बस्स. सूनबाई साबुदाणा भिजवून बघते, राजगिऱ्याचा लाडू समोर आणून ठेवते, नातू डॉक्टरची भीती घालतो. गल्लीतली माणसं म्हणतात, मास्तर मोठे शिवभक्त, या वयातसुद्धा सोमवार मोडत नाहीत. मी गप्प बसतो. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरायचा नाही. पण आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आपलं अक्षर आपल्याला परत दिसायला लागलंय, आणि भक्तीचं हे सोंग वर घेऊन जायची लाज वाटते. म्हणून मुरूमच्या मठातले ते चार-पाच महिने लिहून काढतो. ज्याला मला शिवभक्त म्हणायचंय त्यानं हे वाचावं आणि मग खुशाल म्हणावं.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षी हैदराबादेत धामधूम सुरू झाली आणि आमचं कॉलेज बंद पडलं. वसतिगृह दोन दिवसांत रिकामं करा म्हणाले. परीक्षा होणार की नाही, झाली तर कधी, कुणाला काही ठाऊक नव्हतं. कळवू, तोवर वाचत राहा, एवढंच प्रिन्सिपलसाहेब उर्दूत सांगून मोकळे झाले. आम्ही इंटरला होतो, तिघंही आपल्या जिल्ह्यातले. मी मलाप्पा, माकणीचा. घरी थोडी शेती आणि पुढच्या खोलीत किराणा दुकान. दुसरा काशिनाथ, कळंबच्या आडतवाल्याचा मुलगा, अंगात कोट, खिशात पेन, आणि बोलणं असं की दगडालासुद्धा हसू यावं. तिसरा इरय्या, सरहद्दीकडच्या एका खेड्यातला जंगमाचा मुलगा. जंगम म्हणजे आम्हा लिंगायतांचे गुरू. घरात खायला नसलं तरी जंगमाचं पोर दारात आलं की म्हातारी माणसंसुद्धा वाकतात. बाकी बघायला गेलं तर फरक नाही. विभूती त्यांच्याही कपाळाला, आमच्याही. लिंग त्यांच्याही गळ्यात, आमच्याही. फक्त आमची नावं आप्पावर संपायची आणि त्यांची अय्यावर.

इरय्या आमच्यात हुशार. म्हणजे उगीच आता समोर नसलेल्या माणसाला चांगलं म्हणायचं म्हणून नव्हे. तो एकदा वाचलेलं पान डोळे मिटून म्हणून दाखवायचा. त्याला सरकारी वजीफा होता, म्हणजे शिष्यवृत्ती. परीक्षा चुकली की वजीफा गेला, आणि वजीफा गेला की त्याचं कॉलेज कायमचं गेलं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. पुस्तकांचा संच तिघांत एकच, तोही त्याचा. मुरूमच्या मठातल्या महाराजांनी घेऊन दिलेला. त्याच महाराजांनी आम्हाला मठात राहायला एक खोली दिली. तिघं मिळून वाचा म्हणाले.

अजून डोळे मिटले की त्या खोलीतली दुपार ऐकू येते. पलीकडच्या गल्लीत तेलाचा घाणा करकरत असायचा, विहिरीवर घागरी आपटायच्या, देवळातली घंटा मधूनच कुणीतरी वाजवायचं, आणि चिंचेखाली पारवे घुमत बसायचे. शेणानं सारवलेली जमीन गार लागायची. माझं पीठ माकणीहून गाडीनं यायचं आणि मी तीन दगडांवर भाकरी भाजायचो, करपलेल्या. काशिनाथची आत्या गावातच होती, तो तिच्याकडं जेवायचा. इरय्यानं वार लावले होते. आताच्या पोरांना वार म्हणजे काय ते सांगावं लागतं. गरीब विद्यार्थ्यानं सात दिवस सात घरी जेवायचं, प्रत्येक घराचा दिवस ठरलेला, त्याला वार म्हणायचे. सरकार लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या वसुलीत, ज्वारी उचलून नेत होतं, घराघरांत हात आखडलेला होता, तरी जंगमाचं पोर म्हणून इरय्याला सातही घरं मिळाली. त्या सात ताटांशिवाय त्याला दुसरा आधार नव्हता.

आता पान काढण्याबद्दल सांगतो. हे आम्ही हैदराबादेत शिकलो. पत्ते सापडले तर वॉर्डन काढून टाकायचा आणि पुस्तक सापडलं तर शाबासकी द्यायचा, म्हणून कुणातरी हरामखोरानं ही युक्ती काढली होती. जाड पुस्तक घ्यायचं, मिटलेल्या पानांत बाभळीचा काटा खुपसायचा, तिथं उघडायचं, आणि पानावरच्या आकड्यांची बेरीज करायची. दोनशे अडुसष्ट निघालं तर दोन, सहा, आठ, सोळा. ज्याची बेरीज मोठी त्याचा डाव. एवढा पोरकट खेळ, पण त्यानं आमच्या मजल्यावरची निम्मी पोरं नासवली. बीडकडचा एक जण ऐन थंडीत रजई हरला आणि सतरंजी पांघरून कुडकुडत झोपायला लागला. एकानं बापाला लिहिलं, फी वाढली, आणि त्या भोळ्या माणसानं म्हैस विकून पैसे धाडले. वर्गात प्रोफेसर म्हणायचे, सफा दोसौ चौदा, की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, सात. आम्ही हसायचो. इरय्या हसायचा नाही, खेळायचाही नाही. त्याच्याजवळ लावायला होतंच काय?

मठात काशिनाथनं पहिल्याच आठवड्यात इतिहासाचं पुस्तक पुढं ओढलं. बाहेरून महाराजांनी डोकावलं की तिघं पोरं एका पुस्तकावर वाकलेली दिसायची. त्यांना बरं वाटायचं. एकदा तर आमच्यासाठी त्यांनी शेंगा आणि गूळ पाठवला. माझे आणि काशिनाथचे डाव चालायचे आणि इरय्या कोपऱ्यात बसून तर्कशास्त्र वाचायचा. पण त्याच्या मनात एकच किडा होता, परीक्षेची फी. आई घरोघर कोरान्न मागून पोट भरायची, ती कुठून देणार? आणि महाराजांकडं आणखी मागायची त्याला चोरी वाटत होती.

"इरय्या," काशिनाथ एक दिवस म्हणाला, "तुझी फी मी लावतो. पुरी. जिंकलास तर तुझी."

"आणि हरलो तर? माझ्याजवळ काय हाय?"

"सात वार हाईत की. एक लाव."

मी हसलो. हे मला स्वच्छ आठवतं. वार डावावर लावायचा ही कल्पनाच मला गमतीची वाटली. मी म्हणालो, मीपण खेळतो, माझी घोंगडी घ्या. इरय्यानं पुस्तक मिटलं आणि उठून आमच्यात आला.

त्याची बेरीज पंधरा आली. काशिनाथची सोळा, माझी अकरा. इरय्या पाचनं हरला असता तर कदाचित तिथंच थांबला असता, असं मला अजून वाटतं. एकानं हरला, म्हणून दुसऱ्या दिवशी परत बसला. बुधवार गेला, मग शनिवार गेला. काशिनाथला जेवणाची ददात नव्हती. तो बुधवारच्या घरी गंमत म्हणून एकदा जाऊन आला आणि शनिवारच्या घरी गेलाच नाही. त्या बाईनं दोन शनिवार ताट वाढून ठेवलं आणि तिसऱ्याला निरोप धाडला की आता वार बंद. इरय्या स्वतः का गेला नाही, असं कुणी विचारेल. मीही त्याला विचारलं होतं.

"हरलेल्या घरी कसा जाऊ?" तो म्हणाला. "ते ताट आता माझं न्हाय. खाल्लं तर चोरी हुईल."

जुगारात दुसरं काही पाळलं जात नाही, पण हरलेलं पाळायचं, ही अक्कल आम्हीच त्याला हैदराबादेत शिकवली होती. त्यानं ती खरी धरली. काशिनाथला एका शब्दानं म्हणता आलं असतं, जा बाबा, जेव. मलाही म्हणता आलं असतं. उलट त्याच सुमारास रस्ते बंद झाले, माकणीची गाडी येईना, माझ्या पिठाचा डबा खडखडायला लागला, आणि त्याचे उरलेले वार मला दिसायला लागले. सोमवार मी जिंकला.

सोमवार गौराक्काचा होता. तिचा नवरा घोड्यावर कापडाचे गठ्ठे लादून आठवडी बाजार करायचा. एकुलता एक मुलगा संगाप्पा आमच्याच वयाचा. सोलापूरला जातो म्हणून निघाला आणि निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला, एवढं उडत उडत कळलेलं. पुढं पत्ता नाही. गौराक्कानं नवस बोलला होता की मुलगा घरी येईपर्यंत दर सोमवारी एका जंगमाला जेवू घालीन, आणि तो जेवल्यावरच माझा उपास सोडीन. म्हणजे तिथं जंगमच पाहिजे होता. इरय्याला हे ठाऊक होतं, आणि हरलेला वार तर द्यायचा होता. त्यानं मला सोबत नेलं आणि आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच खोटं बोलला.

"अव्वा, ह्यो माझा चुलतभाऊ, मल्लय्या. आजपासून सोमवारी ह्यो येत जाईल."

"कामून स्वामी? आमच्या घरचं काय चुकलं का?"

"न्हाय अव्वा. मला सोमवारी शिकवणी हाय."

"बरं. जंगम जेवला म्हंजे झालं." ती माझ्याकडं वळली. "बसा स्वामी."

इरय्या मागं न बघता गेला. गौराक्कानं पाट मांडला, माझ्या पायांखाली पितळी परात ठेवली, तांब्यानं पाणी घातलं. आईच्या वयाची बाई माझ्या पायाला हात लावतेय म्हटल्यावर मी पाय मागं ओढला. ती थांबली, वर बघितलं, मग घोटा धरून पाय परत परातीत घेतला आणि धुतला. ते पाणी ओंजळीत घेऊन तिनं डोळ्यांना लावलं. मग वाढलं. कडक भाकरी, उडदाचं घुटं, शेंगाची चटणी आणि तिच्यात तेलाची धार. सणावाराला हुग्गी, गव्हाची आणि गुळाची, वर तूप. ती म्हणायची, "ऊटा माडरी," म्हणजे जेवा. मी जेवायचो. घुटं तर असं ओरपायचो की तिला हसू यायचं. असे नऊ सोमवार मी मल्लय्या होऊन जेवलो. पहिल्या सोमवारी दुसरी भाकरी नको म्हणालो होतो. दुसऱ्यापासून मागून घेतली.

इकडं इरय्या वाळत चालला. एकेक करत सगळे वार गेले, आणि फी तशीच काशिनाथच्या खिशात राहिली. तो चिंचेचा पाला चघळायचा, बेलफळ फोडून खायचा, विहिरीवर जाऊन पोटभर पाणी प्यायचा. पाठ म्हणताना मधेच थांबायचा, ओळ सापडायची नाही, आणि मग आमच्याकडं असा बघायचा की जणू आम्हीच ती कुठंतरी ठेवली आहे. महाराजांच्या एकदा लक्षात आलं.

"इरय्या, अनुष्ठान चालू हाय काय रे? लई उतरलास."

"व्हय महाराज," तो म्हणाला.

महाराजांनी आम्हा दोघांना सांगितलं, शिका याच्याकडून, नुसतं वाचून काय होतंय, निष्ठा लागती. आम्ही माना डोलावल्या. त्या क्षणी जर मी तोंड उघडलं असतं तर आज हे लिहायची पाळी आली नसती. पण तोंड उघडलं तर पान काढणं उघडं पडणार, मठातून हाकलणार, सोमवार जाणार. पोटाचा प्रश्न आला की माणूस किती पुढचा विचार करतो बघा.

मग तो रविवार. दुपारची वेळ, काशिनाथ आत्याकडं गेलेला. इरय्या माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्या मनगटाची हाडं वर आली होती.

"मलाप्पा, सोमवार तेवढा परत दे," तो म्हणाला. "बाकीचं राहू दे. परीक्षेची तारीख आली म्हंत्यात. आठवड्यात एक डाव पोटभर मिळालं तर मी वाचीन कसं तरी. फीचं मग महाराजांस्नी विचारीन. आणि त्या अव्वाचा नवस हाय रं. तिथं जंगमच बसाया पाहिजे."

मी काय म्हणालो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मी म्हणालो, "फुकट कसा देऊ? खेळून घे."

त्याच्याजवळ लावायला काही नव्हतं. मग त्याचं लक्ष पुस्तकांकडं गेलं. सगळा संच, आणि त्याच्या बारीक अक्षरातल्या टिपणांच्या वह्या. तो म्हणाला, हे. मी इतिहासाचं पुस्तक पुढं सरकवलं. त्यानं डोळे मिटून काटा खुपसला. पान निघालं तीनशे. तीन. मी काढलं एकशे एकोणऐंशी. सतरा. त्यानं माझी बेरीज परत एकदा बोटांवर करून बघितली, जसं काही मी चुकलो असेन. मग धोतराच्या सोग्यानं एकेक पुस्तक पुसलं, वह्या वर रचल्या, आणि ढीग माझ्याकडं सरकवला. माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा त्याचं अंथरूण गुंडाळलेलं होतं आणि तो नव्हता.

सोमवार होता. मी गौराक्काकडं गेलो. होय, गेलो. पाट मांडलेला होता, पण परात नव्हती.

"बस तम्मा," ती म्हणाली. नऊ आठवडे मी तिचा स्वामी होतो. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, कुणाही पोराला हाक मारतात तसं. मी बसलो.

"सकाळी इरय्या आलता," ती म्हणाली. "ताट वाढते म्हणलं, तर म्हंतो, अव्वा, आज माझा वार न्हाय. नुसतं पाणी पिला. उठताना खांबाला धरून उठला. काय झालंय त्याला?"

"मला काय ठाऊक."

"तू जंगम न्हाईस." तिनं हे अगदी रोजच्या आवाजात सांगितलं. "पहिल्याच दिवशी कळलं. जंगमाच्या पोराचं पाय पाळण्यात असल्यापासून लोक धुत्यात. त्ये कशाला पाय वढून घील?"

"मग मला जेवायला का वाढलं?"

"भुकेला हुतास. पाटावर बसलेल्याला उठवू व्हय?"

"आणि तुमचा उपास?"

"जंगम जेवल्याबिगर कसा सुटल? मंगळवारी सकाळी खायची म्या." मग ती माझ्यासमोर खाली बसली. "आता सांग. त्याचं ताट तू खात हुतास, तर त्यो कुठं जेवत हुता?"

मी सगळं सांगितलं. काटा, पान, बेरीज, सगळं. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे माझं ताट तुमी डावावर लावलं." आणि उठून आत गेली. मला वाटलं आता हाकलेल. ती ताट घेऊन आली, माझ्यापुढं ठेवलं, आणि म्हणाली, "जेव." मी जेवलो. खोटं कशाला लिहू? मी जेवलो.

इरय्या गावी गेला नव्हता. त्याच्या आईला तो मठातच वाचत बसलाय असं वाटत होतं, हे मी पुढं स्वतः जाऊन तिच्या तोंडून ऐकलं, आणि तिथंही तोंड उघडलं नाही. परीक्षा झाली. माझ्या पुढचं बाक रिकामं होतं, फी भरलेली नव्हती तरी कॉलेजच्या यादीवरून त्यावर त्याचा नंबर चिकटवलेला होता. मी त्याच्या टिपणांवर पास झालो, मास्तर झालो, हेडमास्तर झालो. हातात पट्टी घेऊन पोरांना नीती शिकवली. काशिनाथनं बापाची आडत सट्ट्यात घालवली. पण त्याच्याविषयी बोलायचा अधिकार मला नाही, एक बुधवार सोडला तर तो तरी कुणाचं ताट ओढून जेवला नव्हता. इरय्याला कुणी सोलापुरात गिरणीच्या फाटकावर बघितलं म्हणतात, कुणी सरहद्दीच्या कॅम्पात तापानं गेला म्हणतात. दोन्ही ठिकाणी मी जाऊन विचारलं. नाव कुणाला माहीत नव्हतं.

निजामाचं राज्य गेलं आणि संगाप्पा धडधाकट घरी आला. ऐकलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्याच पावली मुरूमला गेलो. वाटलं, नवस फिटला, निदान एका पापातून सुटलो. वार सोमवारच होता. गौराक्का ओसरीवर डाळ निवडत बसली होती, मुलगा शेजारी.

"जेवलात का अव्वा?" मी विचारलं.

"इरय्या जेवला काय?" ती म्हणाली. "संगाप्पा आला, खरं हाय. पण नऊ सोमवारांचं देवाचं देणं राहिलं माझ्याकडून. त्यो जेवल्याबिगर मी कशी उपास सोडू?"

ती मरेपर्यंत सोमवारी जेवली नाही. संगाप्पाचं पत्र आलं तेव्हा मी शाळेत होतो. लिहिलं होतं, अव्वा गेली, शुद्ध होती तोवर दार उघडं ठेवा म्हणत होती, स्वामी येईल म्हणत होती. पत्र वाचून मी घंटा वाजवायला सांगितली, पाचवीच्या वर्गावर गेलो, पुस्तक उघडलं. एकशे सव्वीस. नऊ. पोरं वाचत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं. आजही पुस्तक, पंचांग, डॉक्टरची फाईल, काहीही उघडलं की बेरीज आधी होते आणि अक्षर मागून दिसतं. त्यानंतर जो पहिला सोमवार आला त्या दिवसापासून मी जेवलेलो नाही.

सूनबाई विचारते, बाबा, हा उपास सोडणार कधी? तिला काय सांगू? सोमवार मी जिंकला होता, तो अजून माझ्याजवळ आहे. ताट वाढून ठेवायला मी तिला सांगतो, ओसरीवर, दाराच्या तोंडाशी. इरय्या मागायला आला, तर या वेळी मी त्याला खेळून घे म्हणणार नाही.